मानवतला मोडलेलं बूच

ट्रक घेऊन परतलो की माझी बायको सुमन दारातच विचारायची, "काय आणलंत?" सोलापूरची चादर, बार्शीच्या शेंगा, काही ना काही हातात असायचंच. माघात ती गेली. आता सांगली सोडताना मी फक्त कुलूप ओढून बघतो.

त्या दसऱ्याला गुळाचं भाडं मी मुद्दाम घेतलं. अर्धा माल मानवतचा, अर्धा सोनपेठचा, आणि सोनपेठला माझी थोरली बहीण, अक्का. "दसऱ्याला सोनं द्यायला ये," असा तिचा निरोप होता. मला 'ये' म्हणणारं तेवढंच माणूस उरलं होतं.

माजलगाव मागे टाकून गोदावरी ओलांडली. पाथरीपुढच्या काळ्या रानात कापसाची बोंडं नुकती उमलत होती. गावागावांत भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. एका भिंतीवर 'झालंच पाहिजे', पलीकडच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही'. बोलायला कोणी नसलं की माणूस भिंती वाचतो. मानवत जवळ आलं तशी मागच्या धुऱ्यातून (चाकांच्या अ‍ॅक्सलमधून) घरघर यायला लागली.

तिथला माल उतरवला आणि गॅरेजला गेलो. युसूफ मिस्त्रीने वाकून कान लावला. "डिफरन्शलचं (मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी गोळ्याचं) तेल जळालंय. बदलावं लागतंय. पर आज न्हाई."

"का?"

"खंडेनवमी हाय ना. औजारं बसलीत."

आत पाटावर त्याचे पाने, हातोडे, छिन्न्या झेंडूखाली निवांत बसले होते. गॅरेज त्याच्या उस्तादाचं. उस्ताद वारले, पण त्यांची रीत युसूफने मोडली नव्हती. दसऱ्याला गाव सीमोल्लंघन करून आलं की उस्तादाच्या बायकोने पहिला पाना हातात द्यायचा, मग काम. "तवर हात लावायलाबी बंदी. तुमी आरामात ऱ्हावा."

आराम! अक्का तिकडे दसऱ्याला वाट बघणार आणि मी इथे आराम करणार? मी त्याच्याकडून तेलाचा डबा घेतला आणि माझी पेटी उघडली. माझ्या पान्यांना हळदकुंकू लावायची ती सुमन. यंदा त्यांना कुणी पाटावर बसवलं नव्हतं. ट्रकखाली शिरून खालचं बूच काढलं. काळं तेल भदाभदा घमेल्यात पडलं. मग भरायचं वरचं बूच धरलं, तर ते ढिम्म हलेना. पान्याला नळी लावून सगळं अंग टाकलं आणि कट्‌कन बुचाचं डोकंच तुटून हातात आलं. जुनं तेल बाहेर, नवं आत घालायची वाट बंद. आधी वरचं बूच सैल करून बघायचं, मग खालचं सोडायचं, हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. मलाही होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

युसूफ हसला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. "लय घाई केली, मामू," एवढंच म्हणाला. गूळ उघड्यावर टाकून एसटीने जाण्यातही अर्थ नव्हता.

दसऱ्याचा दिवस केबिनमध्ये बसून काढला. उस्तादाच्या बायकोने, तिला सगळे माय म्हणत, भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) पाठवलं. आमटी झणझणीत होती. रस्त्याने नवे कपडे घातलेली माणसं घराघरांत जात होती. मी भाकरी मोडली आणि मला रडू आलं. तिखटाचं निमित्त बरं होतं.

दिवेलागणीला माय आल्या. पाटावरचा पाना उचलून त्यांनी युसूफच्या हातात ठेवला. "घे लेकरा. आगूदर पाव्हण्याची गाडी बघ. घरी कोनतरी वाट बघायलं आसंल."

युसूफने तुटक्या बुचावर नट ठेवून वेल्डिंग केलं. ते लाल होऊन निवलं, आणि काल जिवाच्या आकांताने न हललेलं बूच आज सहज फिरलं. भंगारातल्या धुऱ्याचं बूच काढून बसवलं, तेल भरलं, तोवर पहाट होत आली. निघताना मी मायना आपट्याची पानं दिली आणि पाया पडलो. पण पोचायला सकाळ उजाडणारच होती.

सोनपेठला अक्का ओट्यावर बसली होती. शेजारी औक्षणाचं ताट, निरांजनाची वात तशीच कोरी. इतक्या वर्षांत तिच्या तोंडी तिकडचंच बोलणं बसलंय. "ये दत्ता. काल म्या कुनाचंच सोनं घेतलं न्हाई."

"अक्का, दसरा काल झाला."

"लोकायचा झाला. आपला आज हाय. वाक खाली, ओवाळू दे."

गूळ उतरवून निघालो तेव्हा अक्काने मी दिलेल्या पानांतली दोन परत माझ्या खिशात घातली. "ही सुमनची. तिच्या फोटोपुढं ठिव."

सांगलीपर्यंत रिकामी गाडी खडखडत आली, धुरा मात्र गप्प होता. वाटेत सारखा खिसा चाचपत होतो, पानं चुरगळली तर नाहीत ना म्हणून. रिकाम्या घराची मला अजूनही भीती वाटते, ती काही एका दसऱ्याने जायची नाही. पण त्या संध्याकाळी कुलूप काढलं, दार ढकललं आणि तिने विचारायची वाट न बघता उंबऱ्यातूनच म्हणालो, "सोनं आणलंय."