खाटीचे पैसे

वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीतल्या काकू अनोळखी माणसाला नाव विचारत नसत. "जेवले का?" एवढंच विचारत, आणि तो हो म्हणाला तरी त्यांचा विश्वास बसत नसे. मी नवी सून म्हणून शेजारी आले, तेव्हा मलाही त्यांनी सासूबाईंदेखत दुसऱ्यांदा जेवायला बसवलं होतं. आता काकू नाहीत, पण दारात कोणी आलं की माझ्या तोंडून तेच निघतं.

त्या काळी हिवाळ्यात वर्ध्याला शेती-अवजारांचं मोठं प्रदर्शन भरायचं. मोटारपंप, फवारणी यंत्रं, नांगर घेऊन गुजरात-पंजाबचे व्यापारी उतरायचे. लॉज भरले की सारी नालवाडी आपल्या खोल्या रिकाम्या करून द्यायची. रिक्षावाले मागतील ते भाडं मिळवायचे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तर त्याच कमाईवर मुलीचं लग्न उरकलं. आम्हीही गाद्या भाड्याने दिल्या, खोटं कशाला बोलू?

काकू विधवा, घरात एकट्या. पुढच्या खोलीत खाटा टाकून स्वतः चुलीपाशी निजायच्या. खाटीचं भाडं चोख घ्यायच्या, जेवणाचा मात्र एक पैसा नाही. झुणका-भाकर, वर तेलाची धार. सासूबाई चिडायच्या, "काऊन वो, सारं भाडं त्याईच्याच पोटात जाते!"

"खाट भाड्यानं देतो मी," काकू म्हणायच्या. "जेवाले बसला तो पाहुणा. त्याले काय मांगू?"

मला तो भोळेपणा वाटायचा. वर्षभर एकटीने जेवून त्या कंटाळलेल्या असत, हे फार उशिरा लक्षात आलं.

मग प्रदर्शन नागपूरला गेलं. तिथलं मैदान मोठं, हॉटेलं मोठी. गल्लीला कमाई बुडाल्याची हळहळ लागली. काकूंचा भिलाईचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला आला. "आता कोणासाठी राहून राह्यली इथं, माय?" त्या हिवाळ्यात त्यांनी पाहुण्यांच्या गोधड्या दरवर्षीसारख्या उन्हात टाकल्या नाहीत, सरळ बोचक्यात बांधल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षी काकूंकडे उतरणारा राजकोटचा पंपवाला शेठ तिघांना घेऊन दारात उभा. प्रदर्शन आटोपून नागपूरहून एसटीने आलेला. म्हणाला, "मौसी, वहाँ सब मिलता है. खाना खाया क्या, ये कोई नहीं पूछता."

काकूंनी परात काढली. मुलाने उठून बोचकं सोडलं आणि तो खाटा टाकू लागला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्या आतूनच ठसक्यात ओरडल्या, "खाटीचे पैसे लागतीन हो, शेठ!"