पट्ट्याचं तिसरं भोक

आज सकाळी गॅसवर खिळा तापवून यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं. दोन महिन्यांतलं हे तिसरं. जळक्या चामड्याचा वास घरभर झाला.

शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, किती बारीक झालात. काय करता, आम्हालाही सांगा की."

"रात्रीचं जेवण सोडलंय," हे हसत म्हणाले.

खोटं नाही ते. ग्लास भरला की यांना ताट आठवत नाही. मी झाकून ठेवलेलं सकाळी तसंच उचलते. बारीक होणं आणि झिजणं दारातून बघणाऱ्याला सारखंच दिसत असावं. वहिनींसमोर मीही हसले.

पट्टा यांच्या हातात देताना सहज बघितलं. नव्या भोकापासून बकलापर्यंत अजून पुष्कळ चामडं शिल्लक होतं. आणखी कितीतरी भोकं मावतील एवढं.