आईने न घेतलेलं नाव

पलटणीच्या दफ्तरातून माझं नाव एकदा कापलं गेलं. कापायला कारकुनाला दोन मिनिटं लागली नसतील. ते पुन्हा लावून घ्यायला मात्र मला लढाई संपल्यावर दीड वर्ष लागलं, आणि त्यासाठी म्हाताऱ्या आईला साताऱ्याला न्यावं लागलं. नाव कापलेलं असतानाच्या त्या वर्षांत मी जितका एकटा पडलो तितका लढाईतही पडलो नसतो, असं मला अजून वाटतं. पण लढाईत मी गेलोच नाही, तेव्हा या बोलण्याला फारसा अर्थ नाही.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. तालुका तेव्हा साताऱ्याकडे होता. गावात घरटी एक माणूस पलटणीत. आमच्या घरातले दोघे. थोरला भाऊ आधी भरती झाला, दोन वर्षांनी मी, त्याच पलटणीत. सात वर्षं नोकरी झाली की माणूस घरी यायचा, पण सुटायचा नाही. त्याला रिझर्व्हात टाकायचे. शेती करा, मधून मधून कवायतीला या आणि लढाई लागली की हजर व्हा, असा तो मामला. पलटणीतली आणि रिझर्व्हातली मिळून पंधरा वर्षं भरली की पेन्शन.

थोरला खरा शेतीचा माणूस. वहिनी बाळंतपणात गेली तेव्हापासून तो माणसांपेक्षा बैलांशीच जास्त बोलायचा. मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कवायत मात्र माझी अशी होती की हवालदार नव्या पोरांना ती बघायला उभं करायचे. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहेच.

लढाई लागली आणि दोघांनाही बोलावण्याची कार्डं आली. वडील आधीच गेलेले. आईला एकटीला मागे ठेवून आम्ही एकाच दिवशी डेपोत हजर झालो. तीनएक महिन्यांनी मला कचेरीत बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. स्वतःच्या विनंतीवरून माझं नाव कमी केलं होतं. मी म्हटलं, मी कसलीही विनंती केलेली नाही. कारकुनाने वर न बघता सांगितलं, "अर्ज तुझ्या घरून आलाय. घर तुझंच ना?"

बराकीत थोरला बूट घासत बसला होता. बातमी माझ्याआधी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"भ्या वाटत हुतं तर मला सांगायचं रं," तो म्हणाला. "गुपचूप अर्ज कशाला घालायचा?"

मी आईची शपथ घेतली, देवाची घेतली. त्याने मान हलवली, पण ती विषय मिटवण्यासाठी. मी निघताना म्हणाला, "बैलांस्नी जप." एवढंच. पुढे त्याची तुकडी बोटीवर चढली आणि जपानने पूर्वेकडे लढाई पेटवल्यावर तार आली की तो बेपत्ता आहे.

मेला असं त्या तारेत नव्हतं. म्हणून आईने ना सुतक धरलं, ना दहावा होऊ दिला. दर सोमवारी ती त्याचं घोंगडं उन्हात टाकायची आणि संध्याकाळी झटकून पुन्हा घडी घालून ठेवायची. ती एकटी उरली म्हणून मी पुन्हा भरतीलाही गेलो नाही. माझं एक लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. आमच्या भागात पलटणीतून नाव कापून आलेल्या माणसाला मुलगी द्यायची म्हणजे लोक दहा प्रश्न विचारतात. चावडीवर मी गेलो की बोलणं एकदम पाऊसपाण्यावर यायचं. हळूहळू मी चावडीवर जायचं सोडलं. उसाला पाणी पाजावं, घरी यावं, आईच्या समोर बसून भाकरी खावी. आमच्यात दिवसाला दहा वाक्यं झाली तर पुष्कळ.

लढाई संपल्यावर माझ्या बरोबरीचे लोक परत आले आणि एकेकाची पंधरा वर्षं भरू लागली. मीही साताऱ्याला सैनिकांच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, स्वतःहून नाव कापून घेतलेल्याची रिझर्व्हातली वर्षं धरता येत नाहीत. आईला लिहिता येत नव्हतं, तेव्हा घरचा म्हणून आलेला तो अर्ज कुणा भाऊबंदाने घातला असणार, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते 'स्वतःहून' वाचून माझं डोकं फिरलं. घरात ओरडून म्हणालो, "कुणी घातला हुता त्यो अर्ज?"

आई हळकुंडं निवडत होती. "म्या," ती म्हणाली. "थोरल्यासाठी." आणि पुन्हा निवडायला लागली. आणखी विचारायला गेलो तर सूप उचलून आत गेली.

इस्लामपूरच्या कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा एक म्हातारा बसायचा; आमच्या गावचे सगळे अर्ज त्याच्याच हातचे. आता तो सांगलीला हळदीच्या अडतीत पत्रं लिहायला होता. मी सांगली गाठली. पोत्यांच्या थप्पीला टेकून त्याने सगळं ऐकलं. त्याला आई आठवत होती.

"विचारलं, कुणाला सोडवायचंय? म्हणाली, थोरल्याला. म्हटलं, नाव सांगा. तर बाई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. शेवटी तुमचं नाव घेतलं आणि म्हणाली, त्याच्या भावाला. आता अमक्याचा भाऊ म्हणून पलटण कुणाला सोडते का? मला वाटलं, बाई गोंधळली. तिच्या तोंडून जे नाव निघालं ते घातलं. अंगठा तिचाच आहे."

थोरल्याला आमच्या आजोबांचं नाव ठेवलेलं. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. मग तेच नाव पोटच्या पोराला असलं तरी घेत नाही. आईने त्याला जन्मभर 'थोरला' म्हणूनच हाक मारली. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. इस्लामपूरला ती एकटी गेली होती आणि तिच्या बाजूने ते नाव सांगणारं कुणी नव्हतं. मीही ते नाव इथे लिहीत नाही. तिने पाळलं ते मी कशाला मोडू?

सांगलीच्या घाटावर मी बराच वेळ बसलो. नाव कापून घरी आलो तो दिवस आठवला. आई दारात उभी होती. माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघून म्हणाली होती, "तू आलास व्हय?" मला तेव्हा वाटलं, आनंदाने म्हाताऱ्या माणसाला शब्द सुचत नाहीत. खरं तर ती दुसऱ्याची वाट बघत होती. इतकी वर्षं मी तिच्यासमोर बसून त्याच्या वाटणीची भाकरी खात होतो आणि ते फक्त तिला माहीत होतं. मला तिचा राग आला, मग तिची दया आली, मग नुसतं रडू आलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या म्हणून तोंड धुतल्यासारखं केलं.

साताऱ्याच्या कचेरीतले सुभेदार भले माणूस होते, पण कागदाचे पक्के. म्हणाले, "अर्ज करणाऱ्या बाईंनी साहेबांसमोर सांगायला पाहिजे, की सोडवायचा होता तो दुसरा मुलगा. आणि त्याचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने घ्यायला पाहिजे. नाव न घेतल्यानेच तर घोटाळा झालाय." मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने मान हलवून नकार दिला. पुढचे सहा महिने मी विनवण्या केल्या, भांडलो, एकदा ताटावरून उठलो. ती ढिम्म हलली नाही.

मग सुभेदारांचं पत्र आलं. ते मी तिला वाचून दाखवलं. त्यात होतं, 'एकदा चूक कबूल झाली की सगळे पूर्ववत करता येईल.'

"म्हंजी?" तिने विचारलं.

"म्हंजी चुकीच्या आधी हुतं तसं."

"समदं?"

"व्हय. तसंच लिवलंय."

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर ती नवं लुगडं नेसून, भाकरी बांधून उंबऱ्यात बसलेली. मला वाटलं, शेवटी माझी कीव आली तिला. सर्विस मोटारीत तिला खिडकीजवळ बसवलं. सबंध रस्ता तिचे ओठ आपल्याशीच हलत होते. नाव घ्यायचा सराव चालला असावा.

साहेबांसमोर सुभेदारांनी विचारलं, "बाई, कुठल्या मुलाला सोडा म्हणून अर्ज केला होता?"

आईने पदर डोक्यावर घट्ट ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि ते नाव घेतलं. साहेबांना ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी ती जवळजवळ ओरडलीच, गावाबाहेर गेलेल्या माणसाला हाक मारावी तशी.

"आणि हा मुलगा? याच्यासाठी अर्ज नव्हता?"

तिने माझ्याकडे बघितलं. "न्हाई," ती म्हणाली. "ह्याला म्या बोलवलं न्हवतं."

माझ्या फायद्याचंच वाक्य ते. त्यासाठीच तिला एवढ्या लांब आणलं होतं. तरी ते ऐकताना मी सावधानच्या हुकमात उभा राहिलो, म्हणजे पाय हलू नयेत.

हुकूम यायला आणखी काही महिने गेले. माझं नाव चुकीने कापलं होतं; ते कापलंच नव्हतं असं समजून मधली सगळी वर्षं जमेस धरली होती. पंधरा भरली होती. 'स्वतःच्या विनंतीवरून' ही ओळ काढून टाकली होती. मला वाटलं, हा कागद थोरल्याला दाखवता आला असता तर बाकी काही मिळालं नसतं तरी चाललं असतं. मी तो आईला दोनदा वाचून दाखवला.

"चूक हुती म्हणत्यात?" तिने विचारलं.

"व्हय, आये. कबूल केली."

"शिक्का हाय?"

मी शिक्का दाखवला. तिने त्यावर बोट फिरवलं. तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत इतका मोकळा बघितला नव्हता.

"मग आता त्याला कवा धाडत्यात?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातल्या कागदाची लाज वाटली. चुकीचा पोरगा आला होता हे सरकारने मान्य केलं, आता बरोबर पोरगा परत देतील, एवढ्यासाठी तिने आयुष्यभर न घेतलेलं नाव घेतलं होतं.

"लिवून इचारतो," मी म्हणालो.

"लवकर इचार," म्हणून ती उठली. त्या दिवशी सोमवार नव्हता, तरी तिने घोंगडं उन्हात टाकलं.