आमच्या माळवदावरची माती

माझ्या माहेराला शिव्या द्यायचा दिवस सासरी ठरलेला होता, होळीचा. सासरच्या गावापासून ओढ्यापलीकडेच ते गाव होतं. मी सहा-सात वर्षांची असताना मानमोडीच्या तापाच्या साथीत निम्मं गाव गेलं, उरलेलं जीव घेऊन पळालं, आणि निजामाच्या दफ्तरात त्याच्यापुढे 'बेचिराख' असं लिहिलं गेलं. पुढे भिंती बसल्या आणि त्यांचा पांढऱ्या मातीचा ढिगारा झाला. त्याला सगळे पांढरी म्हणत. तिथं वाईट वारं आहे, हडळी आहेत, असलं काय काय सांगत. होळी पेटली की अख्खं गाव त्या पांढरीच्या नावानं बोंब मारायचं. मी घरात पुरणाच्या पोळ्या करत असायची, आणि लाटणं जरा जोरातच आपटायची.

एका वर्षी गोवरानं गावातली लेकरं नेली. माझ्या थोरल्या चुलत जावेचा धाकटाही गेला. आमची घरं भिंतीला भिंत लागून, तिचं रडणं थेट ऐकू यायचं. मग देवऋषी बोलावला. त्यानं तांदूळ टाकून सांगितलं की पांढरीचं वाटोळं केल्याशिवाय लेकरं वाचायची नाहीत. होळीचा विस्तव तिकडे नेऊन झुडपं, उरलीसुरली लाकडं, मधला लिंब, सगळं जाळायचं ठरलं. पहिली आग माझ्या जावेनं लावायची होती.

त्या लिंबाखाली माझा भाऊ होता. त्याच साथीत, बारसं व्हायच्या आत गेला. आईनं त्याला तिथं पुरलं आणि आम्ही गाव सोडलं. सासरी हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पण विस्तव तिकडे जाऊ द्यायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

होळीपाशी टेंभे तयार झाले तशी मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि पाटलांपुढे जाऊन उभी राहिले. बायकांनी तिथं बोलायची रीत नव्हती. नवरा दात खात म्हणाला, "गुमान घरी चल."

"येते. आदी एवढं सांगा, तुमच्या माळवदावर माती कुठली हाय?"

दर वैशाखात गाड्या जुंपून सगळे त्याच पांढरीवरून माती आणायचे. काळी माती माळवदाच्या सपाट छपरावर तडकते, ही पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही.

"जिच्याखाली लेकरं निजवता, तिचंच वाटोळं मागता व्हय? मग आपापल्या घरापासून सुरू करा."

पाटील खाकरले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." टेंभे होळीतच पडले. त्या रात्री मी पोटभर जेवले, इतका आनंद मला झाला होता.

सकाळी फावड्याच्या आवाजानं बाहेर आले, तर जाऊ तिच्या माळवदावर चढून माती खरवडत होती. पलीकडच्या दोन घरांवरही तेच चाललेलं. माझ्या बोलण्याचा त्यांनी असा अर्थ लावला होता की वाईट वारं आपल्याच डोक्यावर आहे! आधी मला हसू आलं, मग संताप आला. शिडीनं वर गेले.

"जाऊबाई, काय करायलाव तुमी?"

"काढायलेय. माजं लेकरू ह्याच मातीखाली निजत व्हतं. तूच सांगितलंस न्हाई का काल?"

मला हे म्हणायचं नव्हतं, पण माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते.

"मिरग आला की हे गळंल, जाऊबाई. तुमची दोन लेकरं हायेत अजून."

"मग माजं कुणी नेलं? सांग की!"

"गोवरानं. दुसरं मला ठाव न्हाई. त्या लिंबाखाली माजा भाऊ हाय. नाव ठेवायच्या आत गेला. पांढरीनं न्हाई नेला त्याला, तवा तर तिथं घरं व्हती, चुली पेटत व्हत्या."

मी फावडं धरलं. ती सोडेना, मीही सोडलं नाही. शेवटी तिनं हात काढला आणि ती खालीच बसली. मी माती ओढून सारखी करायला लागले.

तिनं विचारलं, "मग तुजी आई कुणाला शिव्या द्यायची?"

"मला," मी म्हणाले. "ताप आदी मला आला व्हता, मग त्याला."

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, लुगडं खोचलं आणि मी पसरलेली माती पायानं दाबायला लागली.