दंडाला बांधलेलं लिंग

माझा भाऊ सीमेवर मारला गेल्याची तार आली तेव्हा मी भोकरच्या शाळेत शिकवत होते.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आमच्या गावी, उदगीरकडे आला होता. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या, पाणी मात्र टँकरचं. गावतळं तळाला गेलं होतं. त्या भेगाळलेल्या मातीवर तो एका सकाळी पालथा पडला, पुढ्यात तुरीची काटकी धरली आणि मला त्याची रायफल समजावून सांगू लागला. रशियन, लांब नळीची, वर दुर्बीण. तुकडीत ती नेमबाजाकडेच असते.

"गोळी आपली आपण भरती, अक्का. चाप दर खेपेला मीच ओढायचा."

"अन् दुर्बिणीतून काय दिसतं?"

"लांबचा माणूस जवळ येतो. आवाज तेवढा येत न्हाई."

उन्हाच्या लाटा ज्या अंगाला झुकतात तिकडे वारा वाहतो, हेही त्यानं दाखवलं. आम्ही बराच वेळ नुसत्या लाटा पाहत राहिलो. पलीकडचा काठ पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. ती सकाळ मला झोपेत पाहिल्यासारखी आठवते.

तेवढ्यात मागून अव्वाचा, आमच्या आईचा, आवाज आला. "लिंग कुठाय रं तुझं?"

आम्हा लिंगायतांत पूजेचं इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं. मरताना ते अंगावेगळं असू नये, एवढीच तिला काळजी. त्यानं लिंगाची चांदीची डबी गळ्यातून काढून डाव्या दंडाला बांधली होती.

"पालथं पडलं की छातीत रुततंय, अव्वा. नेम हलतो."

"हलंना का नेम! गळ्यातच पायजे."

"घ्या! साहेबाला भीत न्हाई, अन् घरी हिला भिऊन राहिलो," तो हसला. डबी मात्र दंडालाच राहिली. तो जाईपर्यंत अव्वा त्याच्याशी धड बोलली नाही.

शवपेटी आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "हाय का?"

सोबत आलेला जवान म्हणाला, "दंडावर आहे, माँजी. आम्ही कुणाला काढू दिलं नाही."

पुरताना लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. विधीला आलेले स्वामी दंडाची गाठ सोडायला वाकले, पण त्याची आवळलेली डावी मूठ उघडेना. ते अव्वाकडे बघत राहिले.

"राहू द्या, स्वामी," ती म्हणाली. "हाय तिथंच राहू द्या."

रायफल पलटणीत दुसऱ्या कुणाकडे गेली. शेताच्या कडेला त्याची समाधी आहे. अव्वा माझ्यापाशी भोकरला राहते.