मॅक्रो चालवलेला अर्ज

कुठल्याही अन्यायाला चौकट घातली आणि वर ठळक मथळा दिला की तो निम्मा मिटतो, असं मनापासून मानणारा माणूस मला सगळ्या दिल्लीत एकच भेटला, तो म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. तेव्हा दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादच्या शेतांतून सोसायट्या उगवत होत्या, आमचीही त्यातलीच. बिल्डरच्या रंगीत जाहिरातीत कारंजं होतं, आमच्या नळाला रोजचं पाणी नव्हतं, आणि मी त्यावर पत्रकं लिहून लिहून थकले होते. काका नोएडातल्या एका कंपनीत संगणकावरच्या तक्त्यांना रूप द्यायचे. त्यांनी एक मॅक्रो लिहून ठेवला होता. एक कळ दाबली की सगळ्या सेलना रेघा, मथळा पिवळा, फाँट एकसारखा. मुलीच्या लग्नात त्यांनी यादीतल्या पाहुण्यांनाही रंग दिले, वऱ्हाडाला निळा, आपल्या माणसांना हिरवा. एक आत्या पांढऱ्याच राहिल्या, त्या अजून बोलत नाहीत. माझं पत्रक हातात घेऊन काका म्हणायचे, "कॉम्रेड, राग ठीक आहे यार, पण समास?" मजकूर ते वाचतच नसत. "वाचायला तू आहेस. मी अलाइनमेंट बघतो."

पाण्याच्या अर्जासाठी मी घरोघर फिरून तक्रारी लिहून आणल्या आणि त्यांचा तक्ता हिंदीत टाइप केला. काकांनी प्रेमाने त्यावर मॅक्रो चालवला, तक्ता छापला आणि पाकिटात घालून माझ्या हातात दिला. त्या काळी संगणकावरची हिंदी फाँटच्या जिवावर जगायची. मॅक्रोने फाँट बदलला, 'पानी'चं आय-के-यू-एच झालं आणि सगळ्या सोसायटीचा इंग्रजी अक्षरांत चिवडा झाला. पाणी खात्यातल्या बाबूने पानं उलटली, "बहुत साफ काम है जी" म्हणाला आणि शिक्का मारला. शिक्क्याची प्रत हातात आली तेव्हा मला दिसलं.

घरी येऊन ती प्रत काकांसमोर ठेवली. "काका, यात पाणी कुठाय?"

"रेघा तर बिल्कुल बरोबर आल्यात गं." मग त्यांनी चष्मा पुसला. "त्याने वाचलंच नाही?"

"तुम्ही तरी कुठं वाचलंत?"

मॅक्रोने केलेलं सहज मागे घेता येत नाही म्हणे. रविवारभर काका माझ्या कच्च्या कागदांवरून एकेक सेल हाताने भरत बसले. मध्येच थांबून विचारायचे, "दुसऱ्या जिन्यातली ती पोर पोटुशी असून बादल्या चढवते? अगं, मी तिला रोज नमस्ते करतो."

पाणी पुढेही दिवसाआडच येत राहिलं, त्यावर माझी आणखी पत्रकं निघाली. पण त्या सोमवारी काका रजा टाकून माझ्याबरोबर आले. बाबूने सवयीने शिक्का उचलला. काकांनी अर्जावर तळहात ठेवला. "साहब, पहले पढ़ लीजिए." बाबू कंटाळून पहिली ओळ वाचू लागला, आणि शेजारी उभ्या काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत राहिले.