कच्च्या पेशी रक्तात आल्या

मित्रांनो, दुपारपासून एका आईचं बोलणं डोक्यातून जात नाहीये.

मी नंदुरबारला रक्त तपासणारी डॉक्टर. आज सात वर्षांच्या एका मुलीच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वाटलं, पेशी रंगवण्यातच चूक झाली. दुसरी काच केली. तेच. कच्च्या पांढऱ्या पेशींची गर्दी.

तिची आई मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला. तिला सांगितलं, "या पेशी हाडाच्या मगजात तयार होतात. तिथे प्रथिनांची जाळी असते. पेशी कच्ची असते तोवर त्या जाळीला धरून राहते. तयार झाली की पकड सोडून रक्तात येते, आजाराशी लढते. हिच्या कच्च्याच पेशी बाहेर आल्यात. रक्ताचा कॅन्सर असू शकतो."

ती म्हणाली, "पिकेल मिरची हात लावताच निघस, म्याडम. कच्ची तं देठले धरी ऱ्हास. मन्ही पोरन्या पेशी कच्च्याच गळी ऱ्हायन्यात?"

मी फक्त "हो" म्हटलं.

मुलगी रडायला लागली. आईने तिचे डोळे पुसायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "हातले तिखं लागेल शे." मग मुलीनेच तिचा पदर मुठीत घट्ट धरला.

उद्या सकाळच्या गाडीने दोघी सुरतच्या मोठ्या दवाखान्यात जातायत. आईने सुरत कधी पाहिलेलं नाही. तिथल्या स्टेशनवर त्यांचा हात धरायला तुमच्यापैकी कुणी येईल का?